निळ्या स्क्रीनवरचा एक

आधी मॅडमचं सांगते, मग माझं. कारण माझं पुढं जे काही झालं ते त्यांच्यामुळं झालं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. एवढं सांगते की त्या नाशिक रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या, आणि त्यांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. घरची फुलशेती होती. सकाळी घरच्यांबरोबर झेंडू तोडायचा, पाट्या भरून मार्केटला पोचवायच्या, मग कॉलेज, मग दुपारी क्लास. साबण लावून कितीही हात धुतले तरी तो रंग जायचा नाही. त्या शेजारी येऊन बसल्या की कॉम्प्युटरच्या त्या थंडगार खोलीत एकदम ओल्या पानांचा वास यायचा.

इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतो, पण हलत्या पाण्यात दिसावा तसा. बोटं मात्र स्पष्ट आठवतात.

मी यवतमाळकडची. कापसाच्या गावातली. आठवीपर्यंतची शाळा गावात होती, नववीला शेजारच्या गावी जायचं. ताईचं लग्न झालं, घरात हात कमी पडायला लागले, आणि आज राहू दे, उद्या राहू दे असं करत शाळा मागं राहिली. कुणी सोडायला लावली असं म्हणता येणार नाही. मलाही कळलं नाही ती नेमकी कुठल्या दिवशी सुटली. पुढं ताई बाळंतपणाला माहेरी आली, आणि तान्हं घेऊन परत नाशिकला निघाली तेव्हा बाळाला सांभाळायला म्हणून आईनं मला तिच्यासोबत धाडलं. दोन महिन्यांचं बोलणं झालं होतं. मी राहिले त्याहून पुष्कळ जास्त.

भाऊजींचं टेलरिंगचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत आम्ही राहायचो. वारा स्टेशनकडून असला की गाड्यांची अनाउन्समेंट खोलीत ऐकू यायची. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्यांचं मला काही वाटायचं नाही. पण भुसावळ, अकोला, बडनेरा अशी नावं त्या बाईच्या संथ आवाजात एकामागून एक यायला लागली की हातातलं काम थांबायचं. आपल्याला कुणीतरी परत बोलावतंय आणि आपण ऐकू न आल्यासारखं करतोय, असं वाटायचं.

बाळ दुपारी झोपायचं. ताई म्हणाली, गल्लीच्या टोकाला टायपिंगचा क्लास आहे, नुसती बसून काय करशील. फीचं ताईनं पाहिलं. म्हणून मी टायपिंग शिकले. लोखंडी मशीन, जड, तेलाच्या वासाचं. हातांवर लाकडी झाकण असायचं, बोटं दिसू नयेत म्हणून. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. दिवसेंदिवस तेच. ‘खाली बघायचं नाही’ हा तिथला एकच नियम, आणि मी तो अंगी बाणवला. त्या मशीनला एक हा आकडा नव्हता. शून्य होतं, दोनपासून नऊपर्यंत सगळे होते, पण एकाला जागा नव्हती. एक लिहायचा तर स्मॉल एल दाबायचा, कागदावर उमटल्यावर दोन्ही सारखेच दिसायचे. पहिल्या दिवशी नवल वाटलं, मग बोटांना सवय झाली आणि मी ते विसरूनही गेले.

बोटांना सवय लागली की ती कुठंही चालायला लागतात. बाळाला थोपटताना त्याच्या पाठीवर, भाकरीच्या पिठावर, दुकानाच्या पायरीवर आलेल्या गिऱ्हाइकाशी ताई बोलत असताना टेबलाच्या कडेवर. तशीच एकदा मी दुकानात बसले होते आणि मॅडम ब्लाउज घ्यायला आल्या. तेव्हा अर्थात त्या मॅडम नव्हत्या, ब्लाउजचं कापड टाकून गेलेली एक मुलगी होती. भाऊजी आत काजं बघायला गेले होते.

‘‘काय टाइप करतीयेस?’’ त्यांनी विचारलं.

मी हात एकदम मांडीवर घेतले.

‘‘नाही, सांग ना. शेवटी सेमीकोलन आला मघाशी. करंगळी दिसली मला.’’

‘‘काही नाही बाप्पा. असंच.’’

‘‘बाप्पा? कुठली गं तू?’’

सांगितलं. मग किती शिकली, तेही त्यांनी विचारलं, आणि ‘नववी’ म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा खाली गेला. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं पोरं येतात ना क्लासला, बारावी झालेली, कॉलेजची. एका बोटानं शोधत शोधत टाइप करतात. आणि सेमीकोलन तर कुणालाच आठवत नाय. तू ये की एकदा. नुसतं बघायला ये.’’

भाऊजी ब्लाउज घेऊन आले. म्हणाले, ‘‘हिला कुठं नेताय? हिला रस्ता ओलांडायची भीती वाटते.’’

‘‘वाटू दे. क्लास याच बाजूला आहे,’’ मॅडम म्हणाल्या.

क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. आता विचार केला तर हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं, कॉम्प्युटर असेच ठेवत असतील. जिना चढताना कोमट ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. वर पोचलं की दाराशी चपलांची रांग. चपला काढूनच आत जायचं, कारण धूळ चालत नाही. आत पडदे ओढलेले, एसीची गार हवा, फरशीही गार. खाली गिरणी सुरू झाली की तळपायांना बारीक थरथर लागायची आणि सगळे स्क्रीन एकदम किंचित आकसून परत जागेवर यायचे. बाहेर ऊन, रिक्षा, भाजीवाले, आणि आत अनवाणी पायांनी बसलेली, हळू आवाजात बोलणारी माणसं. मला तिथं पहिल्यांदा गेल्यावर वाटलं, हे स्वप्नातलं एखादं घर आहे. स्वप्नात असतात ना तशी, आपली नसलेली पण ओळखीची वाटणारी खोली.

आणि तो निळा रंग. सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्रॅम जिथं लिहायचा ती पूर्ण स्क्रीन निळी असायची, तिच्यावर पिवळी अक्षरं. आमच्याकडं वेचणीच्या दिवसांत सकाळी उजाडायच्या जरा आधी आभाळ तसं होतं. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. वरच्या बाजूला फाइलचं नाव होतं, ‘नोनेम’. मॅडम म्हणाल्या, आपण नाव देत नाही तोवर मशीन तिला बिननावाची म्हणूनच धरून चालतं, पण काम सगळं करून देतं.

क्लासचे मालक म्हणजे सर. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. त्यांच्या टेबलामागं बोर्ड होता, त्यावर लिहिलं होतं, पात्रता दहावी पास.

‘‘नववीसुद्धा पुरी नाही,’’ सर मॅडमना म्हणाले. मी दारापाशी उभी होते, मला ऐकू जाईल अशा आवाजातच म्हणाले. ‘‘इंग्रजी कितपत येतं?’’

‘‘अक्षरं सगळी येतात. न बघता येतात,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘अक्षरं येणं आणि समजणं यात फरक आहे की नाही? उद्या हिला काही आलं नाही तर लोक म्हणणार, कुणालाही घेतात. बॅच बिघडते.’’

‘‘मी बघते सर तिचं. माझ्या वेळात.’’

‘‘तुझा वेळ म्हणजे कुठला?’’

‘‘दुपारचा. माझ्या प्रोजेक्टसाठी तुम्ही मशीन देता ना, तो.’’

सरांनी टेबलावरची वही मिटली. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. आठवडाभर बसव. शनिवारी माझ्यासमोर एक प्रोग्रॅम करायचा. कुठला ते मी तेव्हाच सांगणार. कंपाइल झाला आणि चालला, तर बॅचमध्ये नाव घालू. नाही झाला तर मग मला परत विचारायचं नाही.’’

मॅडमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा तो वेळ होता हे मला तेव्हा नीट कळलं नाही. प्रोजेक्ट काय असतं तेच माहीत नव्हतं. त्यांनी नंतर तो कधी आणि कुठं बसून पुरा केला, हे मी कधी विचारलंही नाही.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. म्हणजे तिनं तालुक्याच्या गावी जाऊन केला, कारण आमच्या गावच्या फोनवरून एवढ्या लांब लागायचा नाही, आणि दुकानाशेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली.

‘‘आता काय काम हाय तुह्यं तिथं?’’ आई म्हणाली. ‘‘पोरगं चालाले लागलं म्हणते ताई. वेचणीले मानसं भेटून नाई राह्यले. रविवारी भाऊ येते तुले घ्याले.’’

‘‘आई, मी एक क्लास…’’

‘‘कायचा किल्लास?’’

कशाचा ते मला सांगता येईना. कॉम्प्युटर म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, त्यात काय करते, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘‘काही नाही, येऊ दे भाऊला.’’ फोन ठेवला. शनिवारी नाव घातलं गेलं तर मला भावाला काहीतरी सांगता येणार होतं. नाही घातलं गेलं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पिशवी भरून स्टेशनवर जायचं होतं. एवढी साधी गोष्ट होती. घरी जायला माझी ना नव्हती. आईची आठवण रोज यायची. पण गेले की ती निळी खोली मिटून जाईल, आणि पुढं आयुष्यभर मला वाटत राहील की आपण ती झोपेत पाहिली होती.

मॅडमनी पहिल्या दिवशी मला लगेच मशीनला हात लावू दिला नाही. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, त्यांनी तपासायचा, मगच टाइप करायचा, ही तिथली सगळ्यांचीच पद्धत होती, कारण मशिनी थोड्या आणि मुलं जास्त. माझा पहिला प्रोग्रॅम सगळ्यांचा असतो तोच, स्क्रीनवर एक वाक्य दाखवायचं. मॅडम म्हणाल्या, ‘‘इतर सगळं जसंच्या तसं लिही. त्या दोन अवतरणांच्या मध्ये मात्र तुला वाटेल ते लिही.’’

मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, मी इथे आहे.

टाइप केलं. महिरपी कंस उघडला, ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलन, महिरपी कंस बंद. माझी करंगळी तर सेमीकोलनवरच टेकलेली असायची, ती आपोआप पडत होती. कंपाइल करायच्या, म्हणजे लिहिलेलं मशीनकडून तपासून घ्यायच्या, दोन की मॅडमनी माझी बोटं धरून दाखवल्या. मधोमध एक छोटी चौकट आली आणि तिच्यात एक शब्द लुकलुकायला लागला, सक्सेस. त्याचा अर्थ मला माहीत होता.

मग प्रोग्रॅम चालवला. स्क्रीन क्षणभर काळी झाली, काहीतरी पांढरं चमकलं, आणि परत निळी.

‘‘गेलं,’’ मी म्हटलं.

‘‘गेलं नाय. येऊन गेलं. तू बघायच्या आत मशीनचं काम संपलं. त्याला थांब म्हणावं लागतं.’’ आणि त्यांनी शेवटच्या कंसाच्या आधी एक ओळ घालायला लावली. गेटसीएच. ‘‘याचा अर्थ, कुणीतरी एखादी की दाबेपर्यंत थांबून राहा.’’

परत चालवलं. काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत, मी इथे आहे. ते तिथंच राहिलं. खाली गिरणी चालू होती, ती अक्षरं हलकेच थरथरत होती. मी की दाबेना. बाजूच्या मशीनवरचा मुलगा वाकून वाचून गेला आणि म्हणाला, ‘‘कळलं की, इथेच आहेस.’’ तरीसुद्धा मी दाबली नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. दोन आकड्यांची बेरीज केली एकदा, पाच आणि सात. मधूनच माझं काहीतरी चुकायचं आणि स्क्रीनच्या खालच्या भागात इंग्रजीतली एक ओळ उजळून यायची. ती आली की माझे हात गार पडायचे. शाळेत गुरुजींनी नाव घेऊन उभं करावं तसं व्हायचं.

‘‘लय घाबरती तू,’’ मॅडम एकदा म्हणाल्या. शिकवताना त्या शहरातलं बोलायच्या, पण समजूत घालताना त्यांच्या मळ्यातली बोली यायची. ‘‘ते रागावत नाय तुला. ते विचारतंय. हे बघ, अनडिफाइन्ड सिम्बॉल. म्हणजे मी याला ओळखत नाय, हा कोण हाय? एवढंच. तू त्याची ओळख करून द्यायची. तुझ्या दारात कुणी अनोळखी आला तर तूपण विचारशील ना?’’

मला ते पटलं. अनोळखी म्हणून दारात उभं राहायची मला सवय होती.

शुक्रवारी लूप, म्हणजे एकच काम मशीनकडून परत परत करून घेणं, शिकायचं होतं आणि नेमकी लाइट गेली. सगळे स्क्रीन एकदम विझले, एसी थांबला, खालची गिरणीसुद्धा. इतकी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकली. मॅडमनी पडदे बाजूला केले आणि पिशवीतून मूठभर झेंडू, सुई आणि दोरा काढला. दसरा जवळ आला होता, घरी ओवायचं काम दिवसभर चालायचं, त्या वेळ मिळेल तिथं ओवायच्या.

‘‘आता हार करायचाय. आधी तीन गोष्टी ठरवायच्या. कितव्या फुलापासून सुरुवात. किती झाली की थांबायचं. आणि दरवेळी सुई किती पुढं न्यायची. तेवढं ठरलं की मग डोकं लावायचं नाय. फूल घ्यायचं, ओवायचं. फूल घ्यायचं, ओवायचं.’’

मी ओवायला घेतलं. माझी फुलं वाकडी बसत होती, सुई देठातून न जाता पाकळ्यांतून जात होती आणि फूल फाटत होतं.

‘‘हार काय तुला जमायचा नाय,’’ त्या हसून म्हणाल्या. ‘‘लूप जमेल.’’

आणि खिडकीच्या उजेडात मी कागदावर लूप लिहिलं. एक ते दहा. त्यांनी तपासलं, पिवळ्या बोटाचा एक डाग कागदावर राहिला. लाइट त्या दिवशी आलीच नाही, त्यामुळं ते टाइप करायचं राहून गेलं.

शनिवारी सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. ताईनं सकाळीच माझे कपडे वाळत घातले होते, रविवारी भरायला सुके हवेत म्हणून. तिचंही चुकीचं नव्हतं.

‘‘एक ते दहा आकडे दाखव,’’ सर म्हणाले. ‘‘एकाखाली एक.’’

मला इतका आनंद झाला की मी मॅडमकडं वळून बघितलं. त्या माझ्यामागं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

‘‘तू काही सांगायचं नाही हं,’’ सर त्यांना म्हणाले.

‘‘नाय सांगत.’’

कागदावर लिहिलं. सरांनी बघितलं, मान हलवली. मग मी टाइप केलं. खाली न बघता, कागदाकडं बघत, जसं शिकले होते तसं. खटखटखट. सर म्हणाले, ‘‘स्पीड चांगला आहे. कॉम्प्युटरला स्पीडचं कौतुक नसतं, पण चांगला आहे.’’

मी कंपाइलच्या दोन की दाबल्या. चौकट आली. सक्सेस नव्हतं. एरर्स, दोन. आणि खालच्या भागात ती ओळ उजळली.

‘‘हं,’’ सर म्हणाले. मग उठले. ‘‘बघ सापडतंय का. चहा येईपर्यंत बघ.’’ आणि जिन्यात जाऊन त्यांनी खाली चहाची ऑर्डर ओरडून दिली.

मी कागद बघितला. स्क्रीन बघितली. कागद बघितला. दोन्ही सारखं होतं. एक अक्षरसुद्धा इकडचं तिकडं नव्हतं. मी ती ओळ खोडली आणि परत टाइप केली. परत तेच. परत खोडली, परत टाइप केली, सावकाश, एकेक अक्षर मनात म्हणत. परत तेच दोन एरर्स. सेमीकोलन होते, कंस होते. माझे हात इतके गार पडले होते की मी ते मांडीखाली घेऊन बसले.

मॅडम मागं हलल्यासुद्धा नाहीत. त्यांना दिसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. नंतर विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या.

कुठूनतरी स्टेशनवरची बाई ऐकू आली. खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता, त्यामुळं खरंच ऐकू आली की माझ्याच डोक्यात होती, सांगता येत नाही. भुसावळ, अकोला, बडनेरा. निळी स्क्रीन माझ्यासमोर मोठी मोठी होत गेली. वाटलं, उजाडलं आता, उठायचं, ओटीला पोतं बांधायचं आणि शेतात जायचं.

मग मॅडमचं बोलणं आठवलं. ते रागावत नाही, विचारतंय. मी खालची ओळ वाचली. घाबरून न बघता, खरोखर वाचली. अनडिफाइन्ड सिम्बॉल. याला मी ओळखत नाही. कुणाला? पुढं त्याचं नाव लिहिलं होतं, अवतरणांत. एक.

मी मनात म्हटलं, अरे, हा एक आहे. एकाला कोण ओळखत नाही? लहान पोरालाही एक येतो. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेनं…

आणि मी थांबले. एक मी उजव्या हाताच्या अनामिकेनं लिहिला होता. एल च्या बोटानं.

टायपिंगच्या क्लासनंतर मी पहिल्यांदा मान खाली घालून कीबोर्डकडं बघितलं. तो नियम मोडताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं. पांढुरक्या कीबोर्डवर मधल्या ओळींतल्या की मुलांच्या बोटांनी मळकट झाल्या होत्या. पण वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, जिथं माझ्या मशीनवर काहीच नव्हतं, तिथं एक की होती, आणि तिच्यावर झेंडूचा पिवळा डाग होता. बोटाच्या टोकाएवढा. दुपारच्या त्या वेळात, माझ्या आधी कितीतरी दिवस, मॅडम याच मशीनवर आपला प्रोजेक्ट करत बसायच्या, आणि आपलं एकापासून सुरू होणारं प्रत्येक लूप त्या बोटानं लिहायच्या. डागाखाली आकडा होता, एक.

इतके दिवस तो तिथं होता. मी कधी खाली बघितलंच नव्हतं.

डाव्या करंगळीनं मी ती की दाबली. त्या बोटाला इतकं लांब जायची सवय नव्हती. दोन ठिकाणचा एल काढून एक घातला. दिसायला स्क्रीनवर फारसा फरक पडला नाही. कंपाइल केलं. चौकट आली, आणि तो शब्द लुकलुकायला लागला.

‘‘सर,’’ मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण त्या भिंतीपासून सुटून पुढं आल्या होत्या. ‘‘चहा आला का?’’

सर आले तेव्हा काळ्या स्क्रीनवर एक ते दहा एकाखाली एक उभे होते आणि खाली कर्सर वाट बघत होता.

‘‘गेटसीएच घातलंस,’’ सर म्हणाले. ‘‘निम्मी बॅच विसरते.’’ मग विचारलं, ‘‘चुकलं काय होतं?’’

मी सांगितलं. आमच्या मशीनला एक नव्हता म्हणून. सांगताना माझी बोली घरची झाली, लक्षातच आलं नाही. सरांना आधी समजलं नाही, मग समजलं आणि कपातला चहा बशीत सांडेपर्यंत ते हसले.

‘‘माझ्या क्लासमध्ये अशी चूक आजपर्यंत कुणी केली नाही.’’

‘‘कुणाला टायपिंगच येत नाय ना, सर,’’ मॅडम म्हणाल्या.

सरांनी वही ओढली आणि बॅचमध्ये माझं नाव लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग त्यांनी तो रकाना तसाच रिकामा सोडला. मला म्हणाले, ‘‘आता दाब की ती. दुसऱ्यांना मशीन पाहिजे.’’

संध्याकाळी मी एसटीडीवरून गावातल्या दुकानात फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. ती येईपर्यंत धरून ठेवला. मला एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते मी जिना उतरताना, रस्त्यात, रांगेत उभी असताना सारखी म्हणत होते.

‘‘आई, मी इथंच थांबते. नाव लागलं माझं.’’

तिनं आधी दुकानातल्या माणसांना गप्प बसायला लावलं. मग आई म्हणाली, ‘‘कायात लागलं?’’

‘‘कॉम्प्युटरमध्ये.’’

‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं.’’

‘‘थांब मंग,’’ ती म्हणाली.

भाऊ ठरल्याप्रमाणं रविवारी आला, त्याला कळवायला उशीर झाला होता. ताईच्या हातचं जेवला, बाळाला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत हिंडवून आणलं, आणि एकटाच परत गेला. तो निघताना मॅडम दुकानावर आल्या होत्या, त्यांनी त्याच्याकडं झेंडूची एक गच्च भरलेली पिशवी दिली. तो म्हणाला, ‘‘आमच्या इकडंबी भेटते न फुलं.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘भेटू दे. ही हिच्याकडची.’’ गाडीत पूर्ण रात्रभर त्यानं ती मांडीवर ठेवली, असं आईनं नंतर सांगितलं. दसऱ्याला आमच्या दाराला नाशिकच्या फुलांचं तोरण होतं. वेचणीला त्या वर्षी आईला एक हात कमी पडला. तेही ती म्हणाली नाही, मलाच माहीत आहे.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. मी सी पुरं शिकले, मग एका छोट्या ऑफिसात बिलांचे प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम मिळालं, मग दुसरीकडं. आता नाशिकही सुटलं, गाव त्याहून लांब राहिलं. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आला की हात अजून गार पडतात. कुणी विचारेल, कुणी बोर्डाकडं बोट दाखवेल, असं अजून वाटतं. आणि कुठलाही प्रोग्रॅम कंपाइल करायच्या आधी मी एकदा खाली बघते, डाव्या कोपऱ्यात. सोबतच्या मुलांना वाटतं मला कीबोर्ड पाठ नाही. मी काही सांगत नाही.

मॅडमचं लग्न दिंडोरीकडं झालं. मी तेव्हा नोकरीच्या गावी होते, जाता आलं नाही. क्लास बंद पडला, गिरणी आहे म्हणतात. ताई सांगते की मॅडमच्या सासरीही फुलं आहेत, दसऱ्याच्या आधी दोन दिवस सगळं घर अंगणात बसून ओवत असतं आणि तरी हात कमी पडतात.

मॅडम, हे तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. तुम्ही मला तुमच्या दुपारी दिल्या, त्या मला तशाच परत करता येणार नाहीत. पण एका दसऱ्याला मी येणार आहे. न कळवता येईन, दाराशी चपला काढीन, आणि तुम्ही ‘कोण’ म्हणून विचारलंत तर ओळख करून देईन. मग सुई-दोरा घेऊन तुमच्या शेजारी बसेन आणि शेवटची पाटी रिकामी होईपर्यंत उठणार नाही. माझी फुलं वाकडी बसतील, काही फाटतील. तुम्ही हसाल. पण एवढं मी करणार आहे, आणि घरी परतताना माझी बोटं तुमच्यासारखी पिवळी असतील.